तारखेला पैसे आणणारं बिल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याचं बिल आम्ही नव्यानं मांडून दिलं. कारखाना लहान, माग स्वतःचे, माल लातूर-धाराशिवपासून हैदराबादपर्यंत जाणारा. पार्ट्या जुन्या, बुडवणारं कुणी नाही. तरी तीस दिवसांच्या बोलीचे पैसे दुसरा महिना उलटून गेल्यावर यायचे. सुताचे पैसे मात्र लवकर मोजावे लागतात, कामगारांचा पगार थांबत नाही, आणि मधली सगळी ओढाताण बँकेच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट खात्यावर पडते. सोलापुरात टॉवेल घ्या, चादर घ्या, नाहीतर युनिफॉर्मचं शिलाईकाम घ्या, चित्र साधारण असंच आहे. म्हणून हे बिल कसं बसवलं, कुठली ओळ कुठं ठेवली आणि कशानं काय अडतं ते सविस्तर लिहितो आहोत. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून उदाहरणादाखल घेतले आहेत.

सुरुवात जुन्या बिलांपासून करायची. उशिरा पैसे आलेली बिलं काढायची आणि प्रत्येकापुढे एवढंच लिहायचं: हे कुठं अडलं? मालकाला विचारून हे कळत नाही. मालक म्हणतो, "पार्टी ढिली आहे." विचारायचं ते समोरच्या दुकानातल्या मुनीमजींना किंवा अकाउंटंटला, आणि तेही वसुलीच्या फोनवर नाही, निवांत वेळ बघून. मग खरी कारणं निघतात. बिल गाठीबरोबर गोदामात गेलं आणि तिथंच राहिलं. बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती, मिळाली नाही. डझनामागे दरात फरक होता, क्रेडिट नोट (रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) येणार होती, ती आलीच नाही. बिल जीएसटीच्या २बी मध्ये, म्हणजे खरेदीदाराला पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या बिलांच्या यादीत, दिसत नाही. आयएफएससी चुकला म्हणून रक्कम परत आली. आणि सगळ्यांत नेहमीचं: बिलावर पैसे द्यायची तारीखच नाही, मग ज्याचा फोन आधी आला त्याचं बिल आधी. हातात पैसेच नाहीत म्हणून अडलेलं बिल या ढिगात क्वचित सापडतं.

तेव्हा बिल लिहायचं ते पैसे सोडणाऱ्या माणसासाठी. दुकानाच्या मालकासाठी नाही, जीएसटी अधिकाऱ्यासाठी तर नाहीच. त्या माणसाला बिल बाजूला ठेवायला एक कारण पुरतं, आणि यातली बहुतेक कारणं कागदावर आधीच मिटवता येतात.

कायद्याला काय लागतं ते आधी मोकळं करून घेऊ. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे दोघांचं नाव-पत्ता-जीएसटीआयएन (जीएसटी क्रमांक), बिल क्रमांक, तारीख, एचएसएन (मालाचा कोड), वर्णन, नग, करपात्र रक्कम, कराचा दर आणि रक्कम, परराज्यात माल जात असेल तर पुरवठ्याचं ठिकाण, सही, हे सगळं हवंच. मालाच्या बिलाच्या तीन प्रती: मूळ प्रत घेणाऱ्याला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. द्यायची तारीख, बँक खातं, बिल्टी क्रमांक यांची सक्ती या नियमात नाही. म्हणूनच बहुतेक छापील बिलांत त्यांना जागा नसते, आणि पैसे नेमके त्यांच्यावाचून अडतात.

बिल क्रमांक सोळा अक्षरांच्या आत आणि आर्थिक वर्षात एकदाच येणारा असावा लागतो. आम्ही एसटी/२५-२६/०४१७ असा ठेवतो. फोनवर बोलताना शेवटचे चार आकडे सांगितले की काम होतं. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. त्या पोर्टलवर शून्यानं, तिरप्या रेघेनं किंवा आडव्या रेघेनं सुरू होणारा क्रमांक चालत नाही, म्हणून पुढे अक्षरं असलेली बरी.

आता कागद. जुन्या बिलाचा वरचा चौथा हिस्सा कशानं भरला होता? "॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥", मोठ्या अक्षरांत कारखान्याचं नाव, चार ओळींचा पत्ता, तीन मोबाइल नंबर, टॉवेलचं चित्र. यातली पहिली ओळ आम्ही होती तिथंच ठेवली. सोलापुरात बिलाच्या माथ्यावर सिद्धेश्वर किंवा मार्कंडेय असणं ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि ती एका ओळीत मावते. चित्र काढलं, पत्ता दोन ओळींत आणला, मोबाइल एकच ठेवला, तोही ज्याला हिशेब माहीत आहे त्याचा. मालकाचा नंबर दिला तर मुनीमजी संकोचानं फोन करत नाहीत आणि शंका तशीच राहते.

या जागेवर एवढा जोर देण्याचं कारण व्हॉट्सॲप. बिल आता आधी फोनवर पोचतं. पीडीएफ पाठवली की चॅटमध्ये पहिल्या पानाचा वरचा भागच दिसतो. तिथं देवाची ओळ आणि टॉवेलचं चित्र दिसलं तर हे बिल आहे एवढंच कळतं. किती आणि कधी द्यायचे ते दिसलं तर पीडीएफ न उघडताही निरोप पोचतो. म्हणून वरच्या उजव्या कोपऱ्यात जाड रेघेची एक चौकट केली. उजव्या बाजूलाच, कारण फाइलला भोकं डाव्या बाजूला पडतात. डावीकडे २५ मिलिमीटर समास मोकळा सोडला नाही तर पंचिंग मशीन आकडेच खातं. चौकटीतली अक्षरं १४ पॉइंट, मालाच्या ओळी १० पॉइंट, अटी ९ पॉइंट. करड्या रंगात काहीही छापायचं नाही. झेरॉक्स काढली की ते उडून जातं.

चौकटीत काय लिहायचं यावर सगळ्यांत जास्त विचार करावा लागतो. "मुदत ३० दिवस" असं लिहिलं की वाद सुरू होतो. तीस दिवस कधीपासून? बिलाच्या तारखेपासून, बिल्टीच्या, का गाठ फोडल्यापासून? मोजायचं काम मुनीमजींवर टाकलं की ते आपल्या सोयीनं मोजतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून दिवस लिहायचे नाहीत, तारीख लिहायची, आणि वारासकट.

उदाहरण घेऊ. टॉवेल ३०×६० इंच, ६० डझन म्हणजे ७२० नग, दर नगाला ₹ ११५. करपात्र रक्कम ₹ ८२,८००, जीएसटी ५ टक्के ₹ ४,१४०, एकूण ₹ ८६,९४०. बिल सोमवार १४ जुलै २०२५ चं. वाटेत दोन दिवस धरले, वर तीस दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट. ती सुट्टी. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते हे खरं, पण दुकानातला हिशेबनीस सुट्टीच्या दिवशी बसत नाही, आणि सुट्टीनंतरच्या सोमवारी त्याच्यापुढे तीन दिवसांची कामं असतात. तारीख सुट्टीवर आली की ती नेहमी पुढेच ढकलली जाते, मागे कधी येत नाही. म्हणून आम्ही एक दिवस अलीकडे आणली: गुरुवार, १४ ऑगस्ट.

याच्याही पुढे जाऊन गिऱ्हाइकाला विचारायचं, तुमच्याकडे पेमेंट कुठल्या दिवशी होतं? हॉटेलं आणि हॉस्पिटलं बहुतेक ठरावीक तारखांनाच पैसे सोडतात, समजा १० आणि २५. तिथं देय तारीख १२ लिहिली तर पैसे २५ लाच येणार. दोन दिवस सोडून १० लिहिली तर पंधरा दिवस वाचतात. कापडाच्या घाऊक दुकानांत आठवड्याचा एक वार ठरलेला असतो. टॅलीत पार्टीच्या खात्यात उधारीचे दिवस टाकता येतात आणि बिलवार नोंद चालू ठेवली की देय तारीख आपोआप निघते, पण सुट्टी आणि पेमेंटचा वार ते पाहत नाही. ती नजर माणसानंच टाकायची, बिल छापण्याआधी.

चौकटीत दुसरी एक रक्कम टाकायची का, म्हणजे लवकर पैसे दिल्याबद्दलच्या रोख वटावाची, ज्याला बाजारात सीडी म्हणतात? टाकायची, पण हिशेब करून. वाटेतले दोन आणि वर दहा दिवस धरले तर २६ जुलै येते. तो चौथा शनिवार, बँका बंद, म्हणून शुक्रवार २५ जुलै. म्हणजे मूळ तारखेपेक्षा वीस दिवस आधी पैसे येणार. त्यासाठी २ टक्के सोडले तर वर्षाच्या हिशेबानं ते साधारण ३७ टक्के व्याज झालं. कुठलाही सीसी याहून स्वस्त. १ टक्का सोडला तरी १८ टक्क्यांच्या वर जातो. सूत घ्यायला हातात रोकड हवी असेल, किंवा सीसीची मर्यादा भरत आली असेल, तेव्हा १ टक्का परवडतो. एरवी सीडीची सवय लावू नये. एकदा दिली की पार्टी चाळीस दिवसांनी पैसे देतानाही ती कापून घेते. चौकट शेवटी अशी झाली:

शुक्रवार २५ जुलै २०२५ पर्यंत दिल्यास : ₹ ८६,११२
गुरुवार १४ ऑगस्ट २०२५ पर्यंत : ₹ ८६,९४०

दोन तारखा, दोन पूर्ण रकमा. "१ टक्का सीडी" असं लिहिलं की तो टक्का जीएसटीसकट काढायचा की जीएसटी सोडून, हा नवा वाद निघतो. इथं ₹ ८२,८०० वर १ टक्का म्हणजे ₹ ८२८ काढले आहेत, कराला हात लावलेला नाही. पैसे आले की तेवढ्याच रकमेची साधी, कर न बदलणारी क्रेडिट नोट काढायची, म्हणजे रिटर्नमध्ये काही फिरवावं लागत नाही.

बँकेचा तपशील चौकटीच्या लगेच खाली, पानाच्या तळाला नाही. खातं क्रमांक छापताना चार-चार आकड्यांचे गट करायचे. सलग चौदा-पंधरा आकडे टाइप करताना एखादा निसटतोच. आयएफएससी अकरा अक्षरांचा, त्यातलं पाचवं अक्षर नेहमी शून्य. ते इंग्रजी ओ समजून टाकलं की व्यवहार होत नाही, म्हणून शून्य आणि ओ वेगळे दिसतील असा फाँट घ्यायचा. बिलाची भाषा मराठी असली तरी खातं क्रमांक आणि आयएफएससी इंग्रजी आकड्यांतच ठेवायचे, कारण मुनीमजी ते बघून बँकेच्या ॲपमध्ये टाकतात. खातेदाराचं नाव बँकेत आहे तसंच्या तसं. दुकानाच्या पाटीवरचं नाव वेगळं असेल तर ॲपमध्ये भलतंच नाव दिसतं आणि सावध माणूस तिथंच थांबतो.

यूपीआयचा क्यूआर लहान बिलांना फार उपयोगी. त्यात रक्कम आणि बिल क्रमांक आधीच भरता येतात, म्हणजे आलेले पैसे कुठल्या बिलाचे ते आपल्या खात्यात लगेच कळतं. बाजू किमान अडीच सेंटिमीटर, चारही बाजूंना कोरी पट्टी. पट्टी न सोडता रेघेला चिकटवला की कॅमेरा तो ओळखत नाही. पण यूपीआयची नेहमीची मर्यादा एका व्यवहाराला १ लाख, त्यामुळे त्यावरच्या बिलांवर क्यूआर छापूच नये. गिऱ्हाइक स्कॅन करतं, व्यवहार होत नाही, आणि "उद्या बघू" होतं. २ लाखांपासून पुढे आरटीजीएस लिहायचं. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, तेव्हा "रोख आणून देतो" म्हणणाऱ्या पार्टीला हे आधीच सांगितलेलं बरं. आणखी एक अडचण: पीडीएफ ज्या फोनवर आली त्याच फोननं तिच्यातला क्यूआर समोर धरून स्कॅन करता येत नाही. म्हणून खाली यूपीआय आयडीही अक्षरांत द्यायचा.

ई-इन्व्हॉइसवाल्यांनी इथं जास्त जपावं. सरकारी क्यूआर वेगळा. त्यात आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा पोर्टलनं दिलेला क्रमांक), दोघांचे जीएसटीआयएन, बिल क्रमांक, तारीख, रक्कम असते. पैशाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही क्यूआर शेजारी-शेजारी छापले की गिऱ्हाइक भलताच स्कॅन करतं आणि तुमचा क्यूआर चालत नाही असं कळवतं. एक पानाच्या वर, एक तळाला, आणि पैशाच्या क्यूआरखाली ठळक अक्षरांत "पैसे इथे".

मालाच्या ओळींत आपल्या गोदामातली नावं नकोत, गिऱ्हाइकानं ऑर्डर देताना वापरलेली नावं हवीत. त्यानं "पट्ट्याचा मोठा" म्हटलं असेल आणि बिलावर फक्त आपला डिझाइन क्रमांक असेल तर गोदामातला माणूस माल जुळवू शकत नाही. दोन्ही लिहावं. गाठनिहाय नग लिहिले की फार वाद टळतात: गाठ १ मध्ये ३० डझन, गाठ २ मध्ये ३० डझन, प्रत्येकीचं वजन. एक गाठ मागे राहिली तर मुनीमजींना कळतं की अर्धीच रक्कम थांबवायची आहे. गाठींचा तपशील नसला तर ते अख्खं बिल थांबवतात. ऑर्डर कुणी, कधी दिली तेही एका ओळीत घ्यायचं. मोठ्या हॉटेलांना आणि हॉस्पिटलांना पीओ (परचेस ऑर्डर) क्रमांक लागतो, त्याशिवाय बिल त्यांच्या सिस्टिममध्ये चढतच नाही. दुकानदाराच्या बाबतीत "फोनवर ऑर्डर, ७ जुलै" आणि ऑर्डर देणाऱ्याचं नाव एवढं पुरतं.

बिल्टीचा प्रश्न वेगळा आहे. बिल आधी होतं, माल ट्रान्सपोर्टला नंतर जातो, त्यामुळे बिल छापताना बिल्टी क्रमांक हातात नसतो. रकाना मोकळा ठेवायचा, बिल्टी मिळाली की आपल्या प्रतीवर हातानं लिहायचा, आणि बिल्टीचा फोटो त्याच दिवशी त्याच चॅटमध्ये बिलाच्या खाली टाकायचा. वेगळ्या वेळी, वेगळ्या नंबरवर टाकला की दोन्ही कागद एकत्र येत नाहीत.

आता अटी. जुन्या बिलाच्या तळाला सहा पॉइंटच्या इंग्रजीत छापलं होतं की सात दिवसांत पैसे न आल्यास द.सा.द.शे. २४ टक्के व्याज. खरी बोली तीस दिवसांची, आणि व्याज कधी लावलेलं नाही. अशी ओळ असली की बाकीच्या ओळीही कुणी खऱ्या धरत नाही. आम्ही ती काढली. तिच्या जागी आलेली वाक्यं थोडी आणि साध्या मराठीत; हैदराबादच्या पार्टीसाठी तीच इंग्रजीत.

पहिली ओळ तक्रारीची: "माल किंवा दराबद्दल काही तक्रार असल्यास माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवावी, तक्रार नसलेल्या मालाची रक्कम ठरल्या तारखेला द्यावी." हे पंधरा दिवस मनानं घातलेले नाहीत. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्यात पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल मिळाला तोच दिवस स्वीकृतीचा धरतात, आणि पैशाची मुदत तिथून मोजतात. व्हॉट्सॲपवरही लेखी कळवायला सांगावं. फोनवरची तक्रार महिन्यानं कुणालाच आठवत नाही.

दुसरी ओळ नोंदणीची: "आम्ही सूक्ष्म उद्योग (उत्पादक) म्हणून नोंदणीकृत आहोत", पुढे उद्यम क्रमांक, म्हणजे सरकारी उद्यम नोंदणीचा क्रमांक. ही ओळ सगळ्यांत जड आहे आणि सगळ्यांत सौम्य शब्दांत लिहायची आहे. त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी ठरलेल्या तारखेपर्यंत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसांत. पार्टीनं ९० दिवसांच्या बोलीवर सही घेतली असली तरी कायदा ४५ च मोजतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज, आणि दिलेलं ते व्याज माल घेणाऱ्या पार्टीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. शिवाय आयकरातली ४३बी(एच) म्हणून ओळखली जाणारी तरतूद १ एप्रिल २०२४ पासून आली: मुदत उलटूनही ३१ मार्चला न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्चात धरली जात नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरतात. त्यामुळे उद्यम क्रमांक बिलावर असला की समोरच्याचे सीए स्वतःच मार्चच्या आत पैसे सोडायला सांगतात. कलमाचा क्रमांक मात्र छापू नये. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून आहे आणि त्यात क्रमांक बदलले आहेत. साचा दर वेळी कोण बदलत बसणार?

दोन गोष्टी इथं सांभाळायच्या. हा लाभ उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. नुसती घाऊक खरेदी-विक्री करणाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी त्याला ही मुदत लागू होत नाही, तेव्हा त्यानं ही ओळ छापू नये. मध्यम उद्योगालाही नाही. आणि भाषा धमकीची नको. ही तरतूद आली तेव्हा कापड बाजारात काही खरेदीदार नोंदणी नसलेल्यांकडे वळले होते. जुनी पार्टी तोडण्यासाठी बिल मांडायचं नसतं.

व्याजाची ओळ मालकाला खरंच व्याज घ्यायचं असेल तरच. ऑर्डर कन्फर्म करताना १८ टक्के ठरले असतील तर आपल्या बिलावर ते दिवसाला ₹ ४३ होतात. टक्क्याकडे कुणी बघत नाही. "१४ ऑगस्टनंतर प्रत्येक दिवसाला ₹ ४३" हे मात्र कळतं. व्याज घेतलं तर डेबिट नोट (रक्कम वाढवल्याची चिठ्ठी) काढावी लागते आणि त्या व्याजावर जीएसटीही लागतो. एवढं करायची तयारी नसेल तर ओळच नको. मुदत, दर, व्याज या सगळ्याचा लेखी करार ऑर्डरच्या वेळीच, निदान मेसेजवर तरी व्हायला हवा. बिलावर पहिल्यांदा दिसलेली अट पार्टीला एकतर्फी वाटते.

जुनी बाकी नव्या बिलाच्या बेरजेत मिळवायची पद्धत आपल्याकडे आहे. ती सोडावी. ₹ ८६,९४० च्या खाली मागील बाकी मिळवून दोन-सव्वादोन लाखांचा आकडा दिसला की मुनीमजी लाखभर ऑन अकाउंट, म्हणजे कुठल्या बिलाचे ते न सांगता, टाकतात, आणि कुठलंच बिल पूर्ण मिटत नाही. खाली लहान तक्ता द्यायचा, फक्त तारीख उलटलेल्या बिलांचा: क्रमांक, तारीख, बाकी. त्याखाली एक वाक्य: "रक्कम कोणत्या बिलाची ते न कळवल्यास सर्वांत जुन्या बिलात जमा केली जाईल." काही मोठे खरेदीदार ०.१ टक्का टीडीएस कापतात. आपल्या बिलावर ते ₹ ८२.८० होतात. खतावणीत तेवढ्यासाठी बिल उघडं दिसत राहतं आणि उगाच तगादा जातो, तेव्हा अशा पार्ट्यांच्या खात्यावर तशी खूण करून ठेवावी.

कागद तयार झाला तरी अर्धं काम पाठवण्यात आहे. गाठीबरोबरची मूळ प्रत जातेच. त्याशिवाय माल निघाला त्याच दिवशी पीडीएफ हिशेबनिसाच्या नंबरवर आणि ईमेलवर. फाइलचं नावसुद्धा कामाला लावायचं: "बिल ०४१७, १४ ऑगस्ट, ८६९४०". सॉफ्टवेअरनं दिलेलं नाव ठेवलं तर महिन्यानंतर शोधताना काही सापडत नाही. सोबत चार ओळी:

"नमस्कार मुनीमजी. बिल ०४१७, टॉवेल ६० डझन, गाठी २. रक्कम ₹ ८६,९४०, गुरुवार १४ ऑगस्टपर्यंत. बिल्टी खाली पाठवली आहे. नग किंवा दर जुळत नसतील तर गाठ फोडल्या दिवशीच कळवा, लगेच दुरुस्त करू."

खातं क्रमांक वेगळ्या मेसेजमध्ये एकटाच आणि सलग पाठवायचा, म्हणजे बोट दाबून कॉपी करता येतो. छापील गटांमधल्या मोकळ्या जागाही कॉपी झाल्या की काही ॲप तो क्रमांक घेत नाहीत.

आता ते २बीचं प्रकरण, ज्याकडे कारखानदार फार कमी पाहतात. खरेदीदाराला खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट त्याच्या २बी मध्ये बिल दिसलं तरच मिळते, म्हणून अनेक हिशेबनीस बिल तिथं दिसेपर्यंत पैसे रोखतात. जुलैचं बिल दर महिन्याच्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) मध्ये ११ ऑगस्टपर्यंत भरलं की १४ ऑगस्टला त्याच्या २बी मध्ये येतं. आपली देय तारीखही तीच, म्हणजे जेमतेम साधलं. पण ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेले बरेच कारखाने तिमाही रिटर्नवर आहेत. त्यांनी १३ ऑगस्टपर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीच्या मधल्या महिन्यांची बिलं टाकायच्या सोयीत, हे बिल टाकलं नाही, तर जुलै ते सप्टेंबरचं रिटर्न १३ ऑक्टोबरपर्यंत जाणार आणि बिल १४ ऑक्टोबरला दिसणार. दोन महिने नुसते यातच गेले. बिल कितीही सुंदर मांडा, हे भरून निघत नाही. आयएफएफ ऐच्छिक आहे म्हणून सोडून देऊ नये. पार्टी नोंदणीकृत असेल तर तिचं बिल त्यात टाकायचंच. उलट बाजूनं, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेली वजावट व्याजासकट परत करावी लागते. फार जुन्या थकबाकीच्या स्टेटमेंटवर ती तारीख लिहून पाठवली की हिशेबनीस स्वतः मालकाकडे विषय काढतात.

आठवण देय तारखेच्या पाच दिवस आधी पाठवायची, उलटल्यावर नाही. आधीची आठवण मदत वाटते, नंतरची तगादा वाटते. मजकूर तोच, सुरुवातीला "येत्या गुरुवारी" एवढं वाढवून, आणि बिल पुन्हा जोडून. नाहीतर "बिल पाठवा" हे उत्तर येतं आणि दोन दिवस जातात. तारीख गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, दहाव्या दिवशी बिलवार स्टेटमेंट. पैसे आले की त्याच दिवशी पावती, बिल क्रमांकासकट.

क्रेडिट नोट थांबवून ठेवू नका. चार डझन टॉवेल रंगासाठी परत आले, त्यांची नोट दोन दिवसांत गेली तर बाकीच्या छप्पन्न डझनांचे पैसे तारखेला येतात. नोट अडली की साठही डझनांचे पैसे अडतात.

बदल करायला एप्रिलचा पहिला आठवडा सोयीचा, कारण क्रमांकाची मालिका तेव्हा नवी सुरू होतेच. फरक पडला की नाही ते नव्या-जुन्या बिलांचे गट वेगळे ठेवून पाहायचं: देय तारीख आणि पैसे आल्याची तारीख यांतलं अंतर, प्रत्येक बिलाचं, आणि शेजारी अडण्याचं कारण. हा कारणांचा रकाना वर्षभर भरत राहावा. त्यात एकच कारण पुन्हा पुन्हा दिसलं तर बिलाची ती ओळ बदलायची.

आणि ज्या पार्टीला द्यायचेच नाहीत, तिथं मांडणी उपयोगाची नाही. पुढचा माल थांबवायचा, आणि रक्कम मोठी असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. तिथं ९० दिवसांत निर्णयाची तरतूद आहे, आणि निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उद्यम नोंदणी माल देण्याआधीची हवी. अर्जाला ऑर्डर, बिल, बिल्टी, माल मिळाल्याची पोच आणि मुदतीचं लेखी बोलणं लागतं, म्हणून हे पाचही कागद बिल क्रमांकाखाली एकाच फोल्डरमध्ये हातात येतील तसे लगेच ठेवत जावेत.